फॉर्म भरण्याआधी



बारावीचा निकाल लागल्यानंतरच्या रविवारी आपल्या चर्चच्या आवारात एक गोष्ट हमखास घडते. मिस्सा संपते, लोक बाहेर बोलत थांबतात आणि एखादे वडील मुलाला पुढे घालून आमच्याकडे येतात. मुलाची मान खाली. वडिलांच्या हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत गुणपत्रिका आणि तिच्या चार झेरॉक्स. "फादर, याला जरा समजवा. तुमचं ऐकेल." काय समजवायचे ते घरी आधीच ठरलेले असते, ते फक्त आमच्या तोंडून बाहेर पडायचे राहिलेले असते. झग्याचा तेवढा उपयोग लोकांना चांगला माहीत आहे.

यंदाही तसेच झाले. मुलाला बरे गुण आहेत. वडील गेली अठरा वर्षे इथल्या एमआयडीसीत कंत्राटावर काम करतात. एक ठेका संपला की दुसरा. 'कायम' हा शब्द त्यांच्या वाट्याला काही आला नाही. त्यांचे म्हणणे असे, की मुलाने इंजिनिअरिंगचा डिप्लोमा करावा. खासगी कॉलेजची फी परवडत नाही, पण गावाकडे दोन एकर जमीन आहे, त्यातली अर्धा एकर विकायची. गिऱ्हाईक तयार आहे. आपल्या भागात हल्ली गिऱ्हाईक नेहमीच तयार असते. मुलाचे म्हणणे, मला तीच दोन एकर कसायची आहे. शेतीचे रीतसर शिक्षण घेईन, भात निघाल्यावर भेंडी लावीन, विहीर खणीन. वडील आमच्याकडे बघून म्हणाले, "ज्या चिखलातून आम्ही पाय काढला, तिथंच हा पाय ठेवायला निघालाय."

पंधरा वर्षांपूर्वी असतो तर आम्ही पाच मिनिटांत निकाल देऊन मोकळे झालो असतो. आता तसे होत नाही, त्याला कारण आहे. ते कारण आज सांगणार आहोत, कारण ते न सांगता या विषयावर लिहिणे अप्रामाणिकपणाचे होईल.

आम्हांला दीक्षा मिळून तेव्हा फार दिवस झाले नव्हते. दुसऱ्या एका धर्मग्रामात होतो. तिथे एक मुलगी होती, हुशार, आवाज गोड. तिला नर्सिंगला जायचे होते. त्यासाठी बाहेरगावी वसतिगृहात राहावे लागणार होते. घरच्यांचे म्हणणे डी.एड. करावे. तो काळ तुम्हांला आठवत असेल. तालुक्या-तालुक्याला डी.एड. कॉलेजे निघाली होती, आणि दोन वर्षे शिकले की जिल्हा परिषदेच्या शाळेत चिकटायचे, हा हिशेब घरोघरी पाठ होता. तिने आम्हांला विचारले. आम्ही म्हणालो, डी.एड. कर. शिक्षकी पेशा पवित्र आहे, घराजवळ राहशील, आईवडिलांना आधार होईल. तिने ऐकले. पुढे कित्येक वर्षे प्राथमिक शिक्षकांची म्हणावी तशी भरतीच झाली नाही. पवित्र पोर्टलवरून भरती पुन्हा सुरू झाली तोवर तिचे लग्न झाले होते, दोन मुले होती, आणि एका दुकानात हिशेब लिहिण्याची नोकरी ती करत होती. एका नाताळात भेटली. तक्रार नव्हती. उलट म्हणाली, "फादर, तुम्ही चांगल्यासाठीच सांगितलं होतं." त्यापेक्षा तिने चार शब्द सुनावले असते तर बरे झाले असते.

भरती बंद होईल हे आम्हांला कसे कळणार होते, असे कोणीही म्हणेल. खरे आहे. पण आमची चूक तिथे नव्हती. ती कुठे होती हे आम्हांला फार उशिरा कळले. त्याकडे पुढे येऊ.

आधी मूळ प्रश्न घेऊ. निवड बरोबर आहे म्हणजे काय? आपल्यापैकी पुष्कळांच्या मनात एक चित्र असते. देवाने प्रत्येकासाठी एक वाट आखून ठेवली आहे, एकच. ती कुठेतरी दडलेली आहे. ती सापडली तर आयुष्य सुफळ, चुकली तर वाया. मग माणूस खुणा शोधू लागतो. फॉर्म भरायला निघालो आणि एसटी चुकली, म्हणजे देवाच्या मनात नसेल. एसटी तर आपल्याकडे रोजच चुकते! मुरबाडला अजून रेल्वे आलेली नाही, याचाही मग काही दैवी अर्थ लावावा लागेल.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना संत थॉमस अक्विनासने हे चित्र आमच्या डोक्यातून काढले. थॉमसची स्वतःची गोष्टही याच विषयाची आहे. तेराव्या शतकात इटलीतल्या एका उमराव घराण्यात तो जन्मला. घरच्यांना तो मोंते कासिनोच्या मोठ्या मठाचा मठाधिपती व्हायला हवा होता. त्याला भिक्षेवर राहणाऱ्या डोमिनिकन संघात जायचे होते. लक्षात घ्या, घरचे त्याला देवापासून दूर नेत नव्हते. दोन्ही वाटा देवाच्याच होत्या. एकीला मान होता, दुसरीला भिक्षापात्र. 1244 साली भावांनी त्याला वाटेतून पकडून आणले आणि साधारण वर्षभर घरच्या किल्ल्यात अडकवून ठेवले. त्याने हट्ट सोडला नाही. वडील मुलाचा दंड धरून फादरकडे नेतात, हे त्यामानाने फारच सौम्य म्हणायचे.

हाच थॉमस पुढे लिहितो, की या जगातले कोणतेही एक चांगले असे पूर्ण चांगले नसते, की ते पाहताच मन आपोआप त्याकडे ओढले जावे. प्रत्येकात काही कमी असते. नोकरीत पगार आहे, पण पाळी आहे. शेतीत मोकळीक आहे, पण पावसाची भीती आहे. लग्नात सोबत आहे, एकटेपणात वेळ आहे. म्हणूनच माणूस मोकळा आहे; कोणतीही एक गोष्ट त्याला बांधून ओढून नेत नाही. आता याचा दुसरा अर्थ पाहा. जिच्यावर कसलीही सावली नाही अशी निवड कधी समोर येणारच नाही. तशी येईल म्हणून थांबणारा थांबूनच राहतो. थॉमसच्या मते शहाणपणाची तीन कामे आहेत: विचारविनिमय करणे, ठरवणे आणि ठरवलेले हाती घ्यायला स्वतःला भाग पाडणे. यातले तिसरे सगळ्यांत मोठे. आपल्यातले पुष्कळ जण पहिल्यावरच मुक्काम करतात. काही घरांत तर उलटे, पहिले दोन गाळून थेट तिसऱ्यावर उडी.

इथे म्हशाची यात्रा आठवते. पौष पौर्णिमेला म्हशाच्या बाजारात बैल घ्यायला गेलेला शेतकरी पाहा. तो दात बघतो, खूर बघतो, बैलाला चालवून बघतो, मागे जाऊन बघतो, घरी जाऊन भाकरी खाऊन पुन्हा येतो. मधल्या दलालाचे सगळे ऐकतो, पण त्याच्यावर विसंबत नाही. बैल दहा वर्षे राहणार. आणि त्याच शेतकऱ्याच्या मुलाचा चाळीस वर्षांचा प्रश्न सायबर कॅफेत पंधरा मिनिटांत सुटतो, कारण मागे रांग असते आणि मित्राने जे भरले तेच आपणही भरायचे असते.

पण बैल बाहेरून पाहता येतो. मन कसे पाहायचे?

याचे सगळ्यांत चांगले उत्तर आम्हांला एका लंगड्या सैनिकाकडे सापडले. इग्नेशियस लोयोला हा स्पेनमधला सरदार घराण्यातला माणूस. 20 मे 1521 या दिवशी पांप्लोनाच्या लढाईत तोफेच्या गोळ्याने त्याचा पाय मोडला. हाड वेडेवाकडे जुळले. पायात घट्ट बूट घातला तर वाईट दिसेल, म्हणून त्याने ते पुन्हा कापून घेतले, तेही भूल नसलेल्या काळात! इतका त्याला दिसण्याचा सोस. महिनोन् महिने अंथरुणावर पडून राहायचे, तेव्हा त्याने वाचायला शूरवीरांच्या प्रेमकथा मागितल्या. वाड्यात त्या नव्हत्या. होती ती ख्रिस्ताच्या चरित्राची आणि संतांच्या कथांची पुस्तके. वेळ जात नव्हता म्हणून तो तीच वाचू लागला.

आता पुढची गोष्ट नीट पाहण्यासारखी आहे. पुस्तक बाजूला ठेवून तो तासन् तास स्वप्ने रंगवायचा. कधी एका थोर घराण्यातल्या स्त्रीची मर्जी मिळवण्यासाठी आपण कोणते पराक्रम करू याची. कधी संत फ्रान्सिससारखे, संत डोमिनिकसारखे आपणही करून दाखवले तर, याची. दोन्ही स्वप्ने रंगवताना आनंद सारखाच होता. फरक नंतर होता. पहिल्यानंतर मन कोरडे, कंटाळलेले राही. दुसऱ्यानंतर कितीतरी वेळ शांत, प्रसन्न असे. एके दिवशी हा फरक त्याच्या लक्षात आला आणि त्याला आश्चर्य वाटले. तिथून त्याचे आयुष्य बदलले. पुढे तेहतिसाव्या वर्षी तो बार्सेलोनात लहान मुलांबरोबर लॅटिनचे व्याकरण शिकायला बसला. वय झाले म्हणून आता काय शिकणार, असे म्हणणाऱ्यांनी हे दृश्य डोळ्यांसमोर आणावे.

गोड वाटते ते बरोबर, असे इग्नेशियस म्हणत नाही. कडू वाटते ते बरोबर, असेही म्हणत नाही. तो म्हणतो, नंतर काय उरते ते बघ. जेवणाची खरी परीक्षा जिभेवर होत नाही, दोन तासांनी पोटात होते, तसे काहीसे. त्याने हे सगळे पुढे 'आध्यात्मिक साधना' या पुस्तकात मांडले. 1548 साली पोपमहोदयांनी त्याला मान्यता दिली. निवड करण्याच्या काही युक्त्याही त्यात आहेत. एक अशी: ज्याला तुम्ही कधी पाहिलेले नाही, ज्याच्याकडून तुम्हांला काही नको आहे, ज्याचे फक्त भले व्हावे असे वाटते, अशा माणसाने हाच प्रश्न विचारला तर त्याला काय सांगाल? दुसरी: मरणाच्या वेळी मागे वळून पाहताना काय निवडलेले असावे असे वाटेल? आणि एक नियम, जो निकालाच्या आठवड्यात प्रत्येक घराच्या भिंतीवर लावावा असा आहे. मन निराशेने भरलेले असताना पूर्वी घेतलेला निर्णय बदलू नये. कमी गुण पडलेल्या रात्री आयुष्याची दिशा ठरवू नये.

आता आमची चूक. काही वर्षांनी एका वार्षिक एकांतसाधनेत आम्ही ही अनोळखी माणसाची युक्ती स्वतःच्या जुन्या सल्ल्यांना लावून पाहत होतो आणि त्या मुलीपाशी येऊन अडखळलो. ती अनोळखी असती तर आम्ही तिला काय सांगितले असते? बहुधा विचारले असते, की तुला नर्सिंग का हवे? तेवढेही आम्ही विचारले नव्हते. का नाही विचारले? कारण ती गायकमंडळ सांभाळत होती, रविवारी लहान मुलांना धर्मशिक्षण देत होती. ती बाहेरगावी गेली असती तर आमची पंचाईत झाली असती. तिचे भले आणि आमची सोय, यांतली रेघ आम्ही पुसली आणि वर पवित्र पेशाचा मुलामा दिला. जाणूनबुजून नव्हे. जाणूनबुजून केले असते तर सापडायला इतकी वर्षे लागली नसती. तिच्याशी आम्ही नंतर हे बोललो. ती हसली आणि म्हणाली, "मला तेव्हाच वाटलं होतं."

ज्याँ-पॉल सार्त्र हा फ्रेंच तत्त्वज्ञ देव न मानणारा, पण सेमिनरीत आम्ही तो लक्ष देऊन वाचला. 1945 साली पॅरिसमधल्या एका व्याख्यानात त्याने आपल्या एका विद्यार्थ्याची गोष्ट सांगितली. महायुद्धाचे दिवस, देश जर्मनांच्या ताब्यात. मुलाचा थोरला भाऊ 1940 मध्ये लढाईत मारला गेलेला. वडिलांचे आईशी पटत नव्हते. आईला उरलेला आधार हाच एक. त्याला इंग्लंडला पळून जाऊन स्वतंत्र फ्रान्सच्या सैन्यात भरती व्हायचे होते, आणि आपण गेलो तर आई खचून जाईल हेही त्याला दिसत होते. सार्त्र म्हणतो, जगातला कोणताही नीतिग्रंथ याचे उत्तर देऊ शकत नाही. शेजाऱ्यावर प्रेम कर हे ठीक, पण शेजारी कोण, आई की देशबांधव? त्याने मुलाला सांगितले, की तू स्वतंत्र आहेस, निवड कर.

याच व्याख्यानात त्याने आम्हां धर्मगुरूंनाही एक चिमटा काढला आहे. तो म्हणतो, तुम्ही म्हणाल धर्मगुरूला विचार. पण धर्मगुरू नाना प्रकारचे असतात, आणि कोणत्या धर्मगुरूकडे जायचे हे ठरवतानाच आपल्याला कोणता सल्ला हवा आहे हे माणसाने ठरवलेले असते. हे वाचून आम्हांला आधी राग आला, मग हसू आले. प्लास्टिकची पिशवी घेऊन येणारे वडील सार्त्रने कधी पाहिले नव्हते, तरी त्याला ते ठाऊक होते.

दुसऱ्याच्या वतीने कोणी निवडू शकत नाही, इथवर सार्त्र बरोबर आहे. तरीही त्याचे उत्तर आम्हांला पुरे वाटत नाही. तो मुलगा उत्तर न्यायला आला असेल असे नव्हे; कदाचित आपल्या शेजारी कोणी बसावे, आपल्याला नीट प्रश्न विचारावेत, एवढ्यासाठी आला असेल. एवढे एक माणूस दुसऱ्यासाठी करू शकतो. त्या मुलीसाठी आम्ही तेवढे केले नाही, आणि सल्ला मात्र भरपूर दिला.

वाचनाचे काम इथेच आहे. आपल्या मुलांना डोळ्यांसमोर किती प्रकारची आयुष्ये दिसतात? शिक्षक, पोलीस, कंपनीतला ऑपरेटर, गाडीचा ड्रायव्हर, प्लॉटचा एजंट. आणि मोबाइलमध्ये दिसणारे हिरो. पुस्तक घरात एक परकी व्यक्ती आणून बसवते. तिने काय निवडले, कशाची किंमत मोजली, हे सगळे सांगते आणि काही मागत नाही. मात्र वाचनही फसवते. इग्नेशियसला ज्या शूरवीरांच्या कथा हव्या होत्या, तशाच कथा वाचून वाचून डोके फिरलेल्या माणसाची गोष्ट सर्व्हान्तेसने 1605 मध्ये 'डॉन किहोते'त लिहिली. आजच्या यशोगाथा तशाच. स्पर्धा परीक्षेच्या क्लासच्या फलकावर पास झालेल्यांचे फोटो असतात. पुण्यात खोली घेऊन पाच-सहा वर्षे काढून परत आलेल्यांचे फोटो कोणी लावत नाही, आणि ते पुस्तकही लिहीत नाहीत. ज्या चरित्रात माणूस कुठेच चुकत नाही, ते खुशाल परत ठेवावे. आपल्या सभागृहातले पुस्तकांचे कपाट मिस्सेनंतर अर्धा तास उघडे असते. गेल्या वर्षभरात त्याचे कुलूप गंजले, हे जाता जाता नमूद करतो.

त्या कपाटात लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' आहेत. निवड या विषयावर मराठीत त्याहून चांगले पुस्तक आम्हांला माहीत नाही. रेव्हरंड नारायण वामन टिळकांना आगगाडीच्या प्रवासात एका परक्या प्रवाशाने नवा करार दिला. ते वाचत गेले, मनाशी झगडत राहिले, आणि फेब्रुवारी 1895 मध्ये मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. आपल्या व्यासपीठांवरून ही गोष्ट नेहमी इथेच संपते. लक्ष्मीबाईंच्या पुस्तकात ती इथे खरी सुरू होते. निवड टिळकांनी केली. घर मोडले ते लक्ष्मीबाईंचे. काही वर्षे दोघे वेगळी राहिली. ज्या बाईने काही निवडले नव्हते तिला लोकांचे बोल, सोवळे-ओवळे, मुलाची काळजी, सगळे सोसावे लागले. पुढे 1900 साली त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. पण तो टिळकांच्या मागून फरफटत जाऊन घेतलेला नाही, स्वतःच्या मनाची खात्री पटल्यावर, स्वतःच्या पायांनी जाऊन. टिळकांची निवड चुकीची होती असे आम्ही कसे म्हणू? पण आपल्या निवडीचे बिल आपण एकटे भरत नाही. हा हिशेब फॉर्म भरताना मांडायचा राहून जातो. तरुण मुलांना हे सांगावे लागते. त्यांच्या आईवडिलांना तर जास्तच सांगावे लागते.

आणि ज्यांच्यापुढे निवडच नाही, त्यांचे काय? दिवाळीनंतर आपल्या तालुक्यातली, शहापूरकडची कातकरी कुटुंबे वीटभट्टीवर जातात. पावसाळ्यात घेतलेली उचल फेडायची असते. मुले बरोबर जातात, शाळा मागे राहते. अशा मुलापुढे उभे राहून 'तुझ्या अंतःकरणाचा आवाज ऐक' असे म्हणणे ही थट्टा आहे. ॲरिस्टॉटल म्हणतो, जे आपल्या हातात आहे त्याबद्दलच माणूस विचारविनिमय करतो. हातात काही असावे लागते. इग्नेशियसपाशी निदान वाडा होता आणि दोन वेळचे जेवण होते. त्यामुळे स्वप्नांची चव तपासायला सवड मिळाली.

म्हणूनच भाई कोतवालांचे नाव इथे घ्यावेसे वाटते. 1 डिसेंबर 1912 रोजी माथेरानच्या एका गरीब नाभिक कुटुंबात जन्मलेला हा मुलगा शिकून वकील झाला. त्या काळात त्या घरातून वकील होणे म्हणजे डोंगर चढण्यासारखेच. वकिली चालवून सुखाने संसार करता आला असता, आणि त्यात गैर काहीच नव्हते. 1941 साली ते माथेरान नगरपालिकेत उपाध्यक्षही झाले. पण त्यांचे लक्ष डोंगराखालच्या गावांकडे होते. पावसाळ्यात घरातले दाणे संपले की शेतकरी-आदिवासी सावकाराकडे जात आणि दामदुपटीत अडकत. कोतवालांनी धान्याच्या कोठ्या उभ्या केल्या, गावोगाव शाळा काढल्या. आम्हांला या दोन कामांत एकच सूत्र दिसते. ज्यांना पर्याय नव्हता त्यांच्या हातात त्यांनी पर्याय दिला. स्वतःला मिळालेली निवड त्यांनी इतरांना निवड मिळावी म्हणून वापरली. 1942 च्या लढ्यात ते भूमिगत झाले. त्यांच्या आझाद दस्त्याने मुंबईकडे वीज नेणारे मनोरे पाडले. 2 जानेवारी 1943 च्या पहाटे आपल्याच तालुक्यातल्या सिद्धगडाच्या जंगलात ते आणि हिराजी पाटील पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडले. त्या मार्गाबद्दल ख्रिस्ती माणसाने विचारायचे प्रश्न आहेत आणि ते आम्ही टाळत नाही. पण दरवर्षी 2 जानेवारीला सिद्धगडला जाणाऱ्या आपल्या मुलांनी मनोऱ्यांइतकीच त्या धान्याच्या कोठ्यांची आठवण ठेवावी असे वाटते. गोळी झेलण्याचा प्रसंग क्वचित येतो. कोठी कुठल्याही गावात उघडता येते.

पुष्कळ जण विचारतात, "फादर, तुम्ही कसं ठरवलंत?" खरे सांगायचे तर लहानपणी धर्मगुरू घरी आले की आई ठेवणीतल्या कपबशा काढायची, ते आम्हांला फार आवडायचे. सेमिनरीत गेलो त्यामागे देवाची ओढ होती, आणि त्या कपबशाही होत्या. पुढे हे उमगले तेव्हा काही महिने झोप उडाली. पाचारण खोटेच होते की काय? एका वृद्ध धर्मगुरूंनी आम्हांला समजावले, की शुद्ध हेतूची वाट पाहिली असती तर एकही लग्न झाले नसते आणि एकही दीक्षा झाली नसती. हेतू मिसळलेलेच असतात. चालता चालता ते गाळले जातात, जर माणूस रोज रात्री थोडे स्वतःकडे बघत असेल तर. इग्नेशियसही हेच वेगळ्या रीतीने सांगतो. जी निवड बदलता येत नाही ती चुकीच्या हेतूने केली असली, तरी पश्चात्ताप करून तीच चांगली जगायची. जी बदलता येते ती नीट विचार करून बदलायची. कोणती कोणत्या प्रकारची, हे मात्र आधी ओळखायला हवे. संत फ्रान्सिस झेवियर तर 1540 साली ऐन वेळी निघाले, कारण ज्याला पूर्वेकडे पाठवायचे ठरले होते तो बोबादिया आजारी पडला. 1542 च्या मे महिन्यात ते गोव्याला उतरले. ती निवड त्यांच्या पुढ्यात आयती आली, पण हो म्हणणे त्यांचे होते.

तर यंदाच्या त्या मुलाकडे परत. आम्ही त्याला आणि वडिलांना एकच गोष्ट सांगितली. कॉलेज अर्धवट सोडता येते, शेती सोडून नोकरी धरता येते, नोकरी सोडून शेती करता येते. अर्धा एकर विकली की परत येत नाही. म्हणून बाकी काहीही ठरवा, त्या कागदावर सही सगळ्यांत शेवटी. वडील काही बोलले नाहीत. मुलाला एक शंभर पानी वही दिली. पंधरा दिवस, एक दिवस आपण शेतकरी झालो असे धरून वागायचे, एक दिवस इंजिनिअर होणार असे धरून, आणि रात्री झोपण्याआधी मनात काय उरले ते चार ओळींत लिहायचे. कोणाला दाखवायचे नाही.

अकराव्या दिवशी तो वही घेऊन आला. म्हणाला, "फादर, एकच पान दाखवतो." त्या पानावर शेतीचे काही नव्हते, इंजिनिअरिंगचेही नव्हते. वडील रात्रपाळीहून आल्यावर दाराशी बसून आधी गुडघे दाबतात आणि मग आत येतात, एवढेच लिहिले होते. ते आजवर पाहिलेच नव्हते, असे म्हणाला. आम्ही विचारले, "मग आता काय वाटतं?" तर म्हणाला, "शेतीच वाटतंय. पण आता त्यांच्याशी भांडता येत नाही."

वडीलही दोन दिवसांनी एकटेच आले. चहा घेतला. बराच वेळ पावसाचेच बोलले. जायच्या वेळी म्हणाले, "माझ्या बापानं मला कधी काय विचारलं नव्हतं, फादर. मला विचारायचं कसं तेच येत नाही."

फॉर्मच्या तारखेला अजून आठ दिवस आहेत. जमीन घेणाऱ्याला त्यांनी दिवाळीपर्यंत थांबायला सांगितले आहे. मंगळवारपासून त्यांच्याकडे आवणी लागते आहे. वडिलांनी चार दिवसांची रजा टाकली आहे. दोघेही शेतावरच असतील.